वाचले व समजले

“आ बेन कोण छे?” पेटंटच्या वकिलानं विचारलं.

“कोई नथी. साक्षी छे,” साहेब म्हणाले.

कोणी नाही. साक्षीदार. मी समोरच उभी होते. पांढरा झगा, टोपी, तोंडावर मास्क. उघडे फक्त डोळे.

नव्वदीतली गोष्ट. बडोद्यात सेमीकंडक्टर डायोड बनवायचा कारखाना आणि मी भट्टीवर. सिलिकॉनच्या पातळ चकत्या खाचांच्या काचेच्या ट्रेमध्ये उभ्या करून भट्टीत सारायच्या. बाहेर काढताना खाचेत आवळून त्या तडकायच्या. बोलणी मला. साहेब दांडिया बाजारातले, घरी मराठीच, माझ्यासारखी. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकलं आणि माझ्याशी हिंदीत बोलू लागले. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आयटीआय झालेली होते मी. शहराबाहेर बाजव्याला आमची खोली, तिथे मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर खाच काढली. तळाशी रुंद, जराशी कलती. चकती तापून फुगली तरी तिला जागा राहील. साहेबांनी हसत हसत तसा ट्रे करवून घेतला. तडकणं थांबलं. हसणंही.

मग शोधांची नोंद ठेवायची एक जाड वही आली. पानांवर छापील नंबर. माझंच चित्र, साहेबांच्या हातचं. खाली इंग्रजीत छापलेलं: वाचले व समजले. साक्षीदाराची सही.

“समझ में न आए तो भी चलेगा. साइन कर.”

केली. वाटलं, आपलं नाव वहीत आलं. घरी पेढे नेले. सांगायची लाज वाटते.

आणि त्या दिवशी भट्टीसमोर तो वकील साहेबांना बजावत होता, “शोधनार पोते साक्षी ना थई शके. ध्यान राखजो.” शोध लावणारा स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही. म्हणजे मी माझ्याच सहीनं स्वतःला खोडलं होतं.

साहेबांनी दुसरं पान पुढे केलं. “जल्दी कर.”

मला कायम करायचा कागद त्यांच्याच खणात. नवऱ्याची कापड मिल बंद पडलेली. पाठीमागे धूळ अडवणारी दुहेरी दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. वहीच्या आधीच्या पानावर सही माझीच. जायचं कुठे?

मी मास्क खाली ओढला. भट्टीच्या खोलीत तो गुन्हा. साहेब ओरडले. मी मराठीत म्हणाले, “साहेब, समजलंय. म्हणूनच सही नाही.”

साक्षीदाराच्या रेघेवर लिहिलं: ही खाच मी काढली. खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

साहेब पान फाडायला गेले. वकिलानं हात धरला. “नंबरवाळुं पानुं छे. ना फाडशो.” फाडलं तर नंबर तुटलेला दिसणार.

कायमचा कागद निघालाच नाही. महिन्याभरात मला काढलं. पेटंट साहेबांच्या नावावर झालं म्हणतात. दुसऱ्या कुठल्या भट्टीवर मला कोणी उभं केलं नाही. ती दारं अजून पाठीमागे लागलेलीच आहेत.

पण आता नाव कोणी लिहील म्हणून मी थांबत नाही. जे माझं, त्याच्यावर आधी मी लिहीन. आडनावासकट. साक्षीदार त्यांनी व्हावं.