साहेबपट्टी

सभागृहामागच्या सुतारखान्यात खिळ्याला एक सागवानी पट्टी टांगलेली असे. बरोबर चव्वेचाळीस इंच. देशाच्या पहिल्या अध्यक्षांच्या कोपराचं ते माप, असं मुकादम सांगायचे. तेव्हापासून भाषणाचा प्रत्येक पोडियम त्याच उंचीचा. पट्टीचं नावच पडलं साहेबपट्टी.

तिथे सव्वीस वर्षं काम करणाऱ्या एकुलत्या एक बाईचंही असंच नाव पडलं होतं. रंधा असा मारायची की हात फिरवला तर काच वाटावी. म्हणून रंधाताई.

त्या वर्षी अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची जाहीर चर्चा ठरली. एक उंचेपुरे माजी मंत्री. दुसऱ्या उमेदवारबाई, रंधाताईंच्याच मूठभर जमातीतल्या आणि त्यांच्याएवढ्याच ठेंगण्या.

मुकादम म्हणाले, "दोन पोडियम. साहेबपट्टीनं."

"बाईंचं नुसतं डोकं वर दिसेल."

"मग खाली खोका सरकवा. नाहीतरी निवडून कुठे येतायत? एक तर बाई, त्यातून तुमच्यातली."

बाई खोक्यावर उभी दिसली की दुसऱ्या दिवशी बोलणं खोक्याचंच होणार, हे रंधाताईंना कळत होतं. घरी आई म्हणाली, "आपल्यातलं कुणी कारकून झालं तरी आपण गल्लीभर सांगत सुटतो. ही थेट अध्यक्ष व्हायला निघाली! तिच्यापायी तू नोकरी घालवू नकोस हं."

रंधाताईंनी कामाचा कागद पुन्हा वाचला. लाकूड, पॉलिश, संख्या, सगळं लिहिलं होतं. उंची नव्हती. ती लिहायची कधी कुणाला गरजच पडली नव्हती. त्यांनी एक पोडियम साहेबपट्टीनं केला आणि दुसरा स्वतःच्या कोपराला लावून.

तालमीला उमेदवारबाई पोडियमशी उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे कानांकडे चढले. रंधाताईंनी खाली पाहिलं. बाईंच्या पायात सपाट चपला, आणि आपल्या पायात सुतारखान्यातले जाड तळव्यांचे बूट!

"मेलं! बुटांसकट माप घेतलं मी."

"आणा रे खोका!" मुकादम ओरडले.

"खोका नको. दहा मिनिटं द्या."

पोडियम आडवा केला. धरायला कुणी पुढे येईना, तेव्हा उमेदवारबाईच खाली बसल्या आणि दुसरं टोक दाबून धरलं. करवत चालू झाली.

"आजवर सगळे मलाच उंच व्हायला सांगत आले," त्या म्हणाल्या.

"निवडून याल?"

"अवघड आहे. तुम्ही मत द्याल ना?"

"मी देईन. आईचं मात्र तुमचं तुम्ही बघा."

बाई खळखळून हसल्या. खालून दीड इंच गेला. चर्चेच्या दिवशी दोघांचे कोपर सारखे टेकले आणि उंचीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

बाई हरल्या. थोडक्यात नाही, चांगल्याच हरल्या. बुटका पोडियम अडगळीत गेला. रंधाताईंनी मात्र त्याच्या मापाची एक पट्टी कापली आणि साहेबपट्टीशेजारी टांगली. मुकादमांनी ती दोनदा काढली. दोनदा ती परत लागली.

पुढच्या निवडणुकीला पुन्हा कागद आला. मुकादम तो हातात धरून खिळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"रंधाताई, कोणती पट्टी?"

"बोलणार कोण आहे, ते आधी विचारून या."

मुकादम पुटपुटले, चष्मा खिशात घातला आणि विचारायला गेले.