मी सरळ केलेलं ग्रीक देऊळ

मार्चच्या आठ तारखेला, शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता, नोव्हाय गावातल्या आमच्या घरी डायनिंग टेबलावर दोनशे बारा डॉलर चाळीस सेंटचं लाकूड चौतीस खांबांच्या रूपात उभं होतं. हजर मी एकटाच. बायको आणि मुलगी इंडियन ग्रोसरीला गेल्या होत्या, तिथून भुवया करायला जाणार होत्या. म्हणजे साडेतीन तास.

देऊळ मुलीचं. ती जुन्या इमारतींच्या जतनाचा अभ्यास करते आणि स्प्रिंग ब्रेकला घरी आली होती. ग्रीसमध्ये एका अडीच हजार वर्षं जुन्या देवळाची दुरुस्ती चालू आहे. तिथे उन्हाळ्यात सहा आठवडे काम करायला आठ विद्यार्थी घेणार होते. अर्जासोबत देवळाचं पंचविसाव्या हिश्श्याचं मॉडेल करून त्याचे फोटो आणि मापं सोमवारी पाचपर्यंत पाठवायची होती. कॉम्प्युटर सोडून ती या विषयाकडे वळली तेव्हा मी नको तेवढं बोललो होतो. या खेपेला मदत करायची, असं मी मनाशी ठरवलं होतं.

मी मोटारींच्या धंद्यात इंजिनियर आहे. गाडीचं दार आणि बॉडी यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे की नाही, हे तपासणं माझं बावीस वर्षांचं काम. अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी मला रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत दिसतो आणि दिवसभर छळतो. त्यामुळे चहाचा कप घेऊन मी टेबलाशी उभा राहिलो आणि मला धक्काच बसला. समोरच्या सहा खांबांमध्ये मधली तीन अंतरं दहा सेंटिमीटर आणि कडेची दोन नऊ पूर्णांक दोन! मी कॅलिपर आणला. कोपऱ्याचे चारही खांब बाकीच्यांपेक्षा एक मिलिमीटर जाड. लेव्हल लावली, तर सगळे खांब आत झुकलेले. जमीन मध्ये फुगलेली, आणि तिच्याखाली कागदाच्या घड्या राहून गेलेल्या.

पोरीने घाई केली, असं मला वाटलं. पण तिला चारचौघांत लाज वाटू नये म्हणून गुपचूप सुधारून ठेवायचं ठरवलं. आधी प्रत्येक चूक एक्सेलमध्ये नोंदवली, कारण नोंद न करता मी घरातला स्क्रूसुद्धा फिरवत नाही. मग तीस खांब सुटे करून समान अंतरावर बसवले, चौतीसच्या चौतीस ओळंब्यात आणले, चार जाड खांब पॉलिश पेपरने घासून बारीक केले, कागदाच्या घड्या काढून फेकल्या आणि सगळं सुपरग्लूने पक्कं केलं.

एक वाजता दोघी आल्या. मुलीने वर ठेवायच्या तुळयांचे तुकडे आधीच कापले होते. पहिला, कोपऱ्याचा तुकडा ठेवला, तर त्याचं टोक खांबाच्या मध्यावर येण्याआधीच संपलं. तिने तो काढून पुन्हा ठेवला. मग खाली वाकून खांबांच्या रांगेकडे एक डोळा मिटून पाहिलं.

"बाबा, डिड यू टच धिस?"

"थोडंसं अलाइन केलं," मी म्हणालो. "बरंच वाकडं होतं."

"बाबा! दे आर सपोज्ड टू बी क्रुकेड!"

मग तिने सांगितलं. कोपऱ्याचा खांब उघड्या आकाशासमोर बारीक दिसतो, म्हणून ते लोक तो मुद्दाम जाड करत. लांब सपाट फरशी मध्ये खचल्यासारखी दिसते, म्हणून ती मध्ये उचलत. सरळ खांब बाहेर कलल्यासारखे दिसतात, म्हणून ते आत झुकवत. वरची नक्षी कोपऱ्यावर नीट संपावी म्हणून कडेचे खांब जवळ. "हे सगळं मोजून दाखवणं, हाच तर माझा अर्ज होता," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बायको म्हणाली, "अहो, बेसमेंटचा नळ सहा महिने गळतोय. तो अलाइन करायचात!"

रविवारी सकाळी बायकोने फोन करून आमच्या ओळखीतल्या काकांना बोलावलं. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हाडांचे निवृत्त डॉक्टर, पन्नास वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले. हात अजून स्थिर. त्यांनी भिंग लावून देवळाभोवती एक फेरी मारली.

"अरे, तू चांगली हाडं मोडून सरळ बसवलीस की!" ते मला म्हणाले. "पेशंटला काय होत होतं?"

"काहीच नाही, काका," मुलगी म्हणाली. "पेशंट वॉज फाइन."

नेलपॉलिश काढायच्या औषधाने सुपरग्लू सुटतो, हे बायकोने सांगितलं. काकांनी कापसाने एकेक सांधा भिजवून खांब सोडवायला घेतले. पण सोडवून बसवायचे कुठे? मुलीच्या नकाशातली मापं होती, पण हाताने बसवताना तिने जागोजागी केलेले बदल तिने लिहून ठेवले नव्हते.

मी लॅपटॉप उघडला. चौतीस खांब, प्रत्येकाची सात मापं, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. मुलीने सगळे रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. मग तिने 'चूक' हा मथळा खोडून तिथे 'मूळ' लिहिलं.

बारीक केलेले खांब मी नवे करून देतो म्हणालो. ते तिला चालेना. जुनं आहे ते ठेवायचं, गेलंय तेवढंच भरायचं, आणि भरलेलं ओळखू यायला हवं. तिने चारही खांबांना अर्ध्या मिलिमीटरचा फिकट कागद गुंडाळला. आमच्या लाकडी देवळाचे चार कोपरे पायाला बँडेज बांधल्यासारखे दिसायला लागले.

"खऱ्या देवळातपण असंच आहे," ती म्हणाली. "आधी रिपेअर करणाऱ्यांनी लोखंडाचे क्लॅम्प घातले. ते गंजले, फुगले आणि संगमरवर फुटला. आता ते काढतायत."

"कोणी घातले?" बायकोने विचारलं.

"इंजिनियर्स."

काका एवढे हसले की हातातला खांब त्यांना खाली ठेवावा लागला.

सोमवारी चार वाजून वीस मिनिटांनी अर्ज गेला. माझा तक्ता त्याला जोडला होता. 'नुकसान कोणी केलं' या रकान्यात 'वडील, अप्रशिक्षित' असं होतं. मी 'अप्रशिक्षित' काढायला सांगितलं. तिने 'वडील' काढू का विचारलं. दोन्ही शब्द राहिले.

तिच्या खोलीतून व्हिडिओवर मुलाखत झाली, पंचवीस मिनिटांची. बंद दाराबाहेरून मला हसण्याचे आवाज दोनदा आले. त्यातली अठरा मिनिटं माझ्यावरच गेली, असं तिने नंतर सांगितलं. दुसऱ्याची दुरुस्ती उसवून मूळ कसं शोधलं, एवढंच ते विचारत राहिले. आठांत तिचं नाव चौथं लागलं.

तिकिटाचे अकराशे शेहेचाळीस डॉलर मी विमान कंपनीला भरले. मुलीला कागद आणि औषधाचे एकोणीस डॉलर पंचाहत्तर सेंट रोख दिले. काकांनी फी म्हणून शंकरपाळ्यांचा डबा घेतला. नळाचे एकशे चाळीस डॉलर प्लंबरला दिले, कारण त्याला हात लावायची मला घरातून परवानगी मिळाली नाही.