झाडून काढलेली राई

आधी आक्कांचं सांगतो. कणकुंबीच्या पुढच्या एका वाडीत पाटाच्या पाळ्या लावणाऱ्या त्या बाई. आज मी घरापासून इतका लांब, हिमाचलात, पाण्यावरच्या वीजघरात कामाला आहे, तो त्यांच्यामुळं.

मी वडगावचा. आठवीत शाळा सुटली आणि मागावर उभा राहिलो. पुढं एका कंत्राटदाराकडं लागलो. वाडीच्या ओढ्यातून काढलेल्या पाटावर वीज करणारं छोटं चाक बसवायचं काम त्याच्याकडं होतं. ओढा देवाच्या राईतून येतो. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. पाटाच्या जाळीत पाला अडकला की पाळीच्या घरानं चपला काढून जायचं, हातानं पाला काढायचा आणि परत झाडाखालीच टाकायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वाडी मांडव घालण्यात गुंतलेली. कंत्राटदार मला म्हणाला, "फोटोत हा कचरा चांगला दिसंल व्हय? काढ झाडून सगळा."

मला पटलं, हेच अजून टोचतं. मागाखालचा सुताचा भुगा झाडला नाही तर धागा तुटतो, एवढंच मी शिकलेलो. खराटा घेऊन राईतला सगळा चढ मी अंगणागत लख्ख केला.

दुसऱ्या दिवशी फोटो झाले, उद्घाटनाला आलेले वीज खात्याचे साहेब मांडवात बसले आणि वळवाची सर आली. उघडी पडलेली लाल माती सरळ पाटात उतरली. चाक खरडत खरडत थांबलं.

"साहेब, ह्या लोकांस्नी पाट राखता येत न्हाय," कंत्राटदार म्हणाला. "आणि हे आमचं आठवीतलं शहाणं! कुणी न सांगता झाडत बसलं."

लोक हसले. साहेब म्हणाले, असंच असेल तर चाक दुसऱ्या गावाला देऊ. काम गेलं तर वडगावात कुठल्या तोंडानं जायचं?

आक्का उठल्या. "खरं सांग रं, कुणी झाडायला लावलं?"

मी कंत्राटदाराकडं बोट केलं.

"आक्का, तुम्हाला त्यातलं टेक्निकल कळत न्हाय."

"न्हाय कळत. पाला हलवला की माती येती, एवढं आमच्या शेरडांस्नी बी कळतंय. बूट काढ. पाला भर पाटीत."

साहेबांसमोर त्याला बूट काढावेच लागले. पाट्या आम्ही दोघांनी वाहिल्या, पाला परत चढावर पसरला. चाक वाडीतच राहिलं. मला मात्र त्यानं त्याच संध्याकाळी हाकललं. आक्कांनी पावसाळाभर घरात ठेवून घेतलं, चाक माझ्या हवाली केलं. ते बघूनच त्या साहेबांनी मला इकडं चिकटवलं.

कंत्राटदाराचं काय झालं? काही नाही. पुढच्या गावचं काम त्यालाच मिळालं. झाडलेल्या राईचा तो फोटो कुठल्याशा ऑफिसात लावलाय म्हणे, खाली लिहिलंय 'लोकसहभागातून'. आठवलं की हातातला पाना फेकून मारावासा वाटतो.

आक्कांचे गुडघे आता चढ चढू देत नाहीत. त्यांची पाळी शेजारीण करते, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं. इथली रजा मिळू दे नाहीतर नोकरी जाऊ दे, एक अख्खा पावसाळा त्यांच्या घराची पाळी मी करणार. अनवाणी, आणि खराट्याशिवाय.