दुसऱ्या बाजूचे पहिले अकरा सेकंद

रेकॉर्ड एकोणचाळीस मिनिटांची आहे. पहिल्या बाजूला सहा गाणी, दुसऱ्या बाजूला पाच. साठच्या दशकाच्या अखेरीस चार इंग्रज तरुणांनी ती भरली, हे मला फार नंतर वाचून कळलं. आमच्याकडे तिचं कव्हर कधी नव्हतंच. थोरला भाऊ तिला ‘टेस्टिंगची रेकॉर्ड’ म्हणायचा आणि घरात तिचं तेवढंच नाव होतं. तिची दुसरी बाजू आपल्या दहाव्याला लावावी, असं त्याने मला सांगून ठेवलं होतं. गेल्या माघात तो वारला. दहावा झाला. रेकॉर्ड लागली नाही. ती का लागली नाही, ते लिहून ठेवतो.

भावाचा धंदा स्पीकरचा. कळंबला रस्त्याच्या कडेला एक खोली, तिच्यात दोन कर्णे, आवाज वाढवायचं मशीन, बॅटऱ्या आणि रेकॉर्ड प्लेअर. लग्न, जत्रा, सप्ताह, निवडणूक, दहावा, जे असेल ते. लग्नसराईच्या आधी तो पुण्याच्या जुन्या बाजारातून वापरलेल्या रेकॉर्डचा गठ्ठा घेऊन यायचा. अशाच एका गठ्ठ्यात भक्तिगीतांच्या कव्हरात ही रेकॉर्ड निघाली. तो सातवी शिकलेला. चकतीवरची इंग्रजी अक्षरं त्याने पाहिली असतील, पण कव्हरावर विठोबा होता म्हणून त्याने विठोबावर विश्वास ठेवला.

बोरी बुद्रुकला एका लग्नात सकाळी भक्तिगीतं लावायची म्हणून त्याने ती काढली. वर कुठली बाजू आली ते त्याने पाहिलं नाही. सुई टेकवली आणि कर्ण्यातून काहीच आलं नाही. वायर सुटली असेल म्हणून तो कर्णा बांधलेल्या लिंबावर चढला आणि कर्ण्याच्या तोंडात डोकं घालून बघू लागला. तेवढ्यात ड्रम वाजला. तो फांदीवरून पडला नाही एवढंच. खाली मांडवात हळदीची गडबड होती. नवऱ्या मुलाचे आजोबा उठून झाडाखाली आले. भावाला वाटलं, आता शिव्या बसणार. म्हातारा वर बघून म्हणाला, “काढू नको राव. लई दणक्यात वाजतंय. फकस्त देव कवा येतोय त्येवढं सांग.”

हा प्रसंग मी पाहिलेला नाही, भावाकडून ऐकलेला आहे. त्यावेळी मी पुण्यात वर्तमानपत्राच्या कचेरीत उमेदवारी करत होतो. पण पुढे तो मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आणि त्यातला एकही तपशील कधी बदलला नाही, म्हणून तो खरा धरतो.

कर्ण्यातून काही न येण्याचं कारण साधं होतं. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं फक्त बेस गिटारने सुरू होतं. चार सूर चढतात, एक खाली येतो, पुन्हा चार चढतात. असं अकरा सेकंद चालतं आणि मग ड्रमचा एकच घाव बसतो. कर्ण्याला खर्ज पेलत नाही. तो वरचे आवाज लांब फेकतो, खालचे गिळतो. त्यामुळे आमच्या दोन तालुक्यांत हे गाणं जिथे जिथे वाजलं, तिथे ते अकरा सेकंद शांततेचेच वाजले.

भावाने त्याचा उपयोग करून घेतला. कुठल्याही कामावर कर्णे बांधून झाले की तो ही रेकॉर्ड लावायचा आणि मांडवापासून चालत निघायचा. ड्रम पडेपर्यंत जेवढं अंतर कापलं जाईल तेवढं कापायचं, मग वळून ऐकायचं, पुन्हा चालायचं. जिथे ऐकू येणं थांबेल तिथे मनातल्या मनात खूण. कळंबपासून येडगावपर्यंतची गावं त्याच्या डोक्यात अशी मापलेली होती. येडगावला धरणाच्या पाण्याकडे तोंड करून कर्णा लावला तर समोरच्या काठापर्यंत शब्द न शब्द जातो, हे तो पैजेवर सांगायचा. शब्दाचा अर्थ मात्र त्याला ठाऊक नव्हता.

एकदा त्याने मला तो विचारला. मी सुट्टीवर आलो होतो. प्लेअरशेजारी वही घेऊन बसलो आणि पहिल्या गाण्याचा अर्थ ओळीओळीने सांगितला. एक माणूस एका बाईची वाट बघतोय, ती येत नाही, तो निघून जातो. भावाने सुई उचलून ठेवली. मग म्हणाला, एवढंच व्हय, मला वाटलं व्हतं काय तरी लई मोठं आसंल. बाकीच्या चार गाण्यांचा अर्थ सांगू नकोस, असंही त्याने बजावलं. मी सांगितला नाही.

मी पुढे पुष्कळ संगीत ऐकलं. नोकरीत काही वर्षं त्यावर लिहिण्याचं कामही माझ्याकडे होतं. तरी या रेकॉर्डची दुसरी बाजू मला अजून सगळ्यात चांगली वाटते, आणि ती बालपणीच्या मायेने नव्हे. मी ती प्रथम ऐकली तेव्हा मला मिशा होत्या. दुसऱ्या गाण्यात दोन गिटारी आहेत. त्यांतली एक किंचित मागे राहते आणि शेवटपर्यंत दुसरीला गाठत नाही. तिसऱ्यात गाणारा सुरुवातीला खाकरतो. ते त्यांनी काढून टाकलेलं नाही. चौथं गाणं बाजूतलं सगळ्यात कच्चं. ड्रम घाई करतो आणि बाकीचे त्याच्यामागे धावतात. पाचवं संपतं, पण रेकॉर्ड संपत नाही. वाद्यं थांबल्यावर यंत्राची घरघर काही क्षण तशीच ऐकू येते. भावाला ही घरघर फार आवडायची. त्याच्या स्वतःच्या मशीनची अशीच घरघर होती. परदेशातही कुणीतरी मशीन चालू ठेवून खुर्चीवर बसलंय, असं तो म्हणायचा.

चौथ्या गाण्यात एक ओळ तुटते. कुठल्याशा लग्नात अक्षतांचा एक दाणा चालू रेकॉर्डवर पडला आणि सुईने तो ओढत नेला. मी पुढे पुण्यात हे गाणं मोबाइलवर ऐकलं, तेव्हा ती ओळ पूर्ण आली. ती मला परक्या माणसाने मध्येच बोलावं तशी वाटली.

कर्णे गेले, स्पीकरचे बॉक्स आले. भावाच्या मुलाने धंदा हातात घेतला आणि टेम्पोवर रचायचे पुरुषभर उंचीचे बेस आणले. तोवर भावाचे कान गेले होते. एकदम गेले नाहीत. आधी फोनची घंटी गेली, मग नातवंडांची बडबड, मग वहिनीचं बोलणं. वहिनी म्हणायची, चाळीस वर्षं मी बोलले ते ऐकू येत व्हतं तवा तरी कुठं ऐकलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद आम्हाला समजावून सांगितला. वरचे आवाज पूर्ण गेले आहेत, खालचे थोडे शिल्लक आहेत, असं ते म्हणाले. कानाचं यंत्र घेतलं. चार दिवस लावून त्याने ते काढून ठेवलं. त्यातून सगळं कर्ण्यासारखं येतं, अशी त्याची तक्रार होती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी गावी गेलो होतो. रेकॉर्डची दुसरी बाजू मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती, तुटलेल्या ओळीसकट. दुपारी गोदामात पुतण्याने ती आपल्या सिस्टिमला जोडून दिली आणि तो जेवायला गेला. भाऊ बेसच्या बॉक्ससमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि त्याने दोन्ही तळवे बॉक्सवर ठेवले. मी गाणं सुरू केलं.

चार सूर चढले, एक खाली आला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ड्रम पडला तेव्हा त्याने हात काढून घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून लाव, अशी खूण केली. मी लावलं. असं सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी त्याला तेवढेच अकरा सेकंद हवे होते. पुढचं त्याला ऐकू येत नव्हतं.

मग तो बोलला. बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्याने.

“जन्मभर लोकांना पुढचं ऐकवलं. हे आदीचं कुणाला ऐकवलंच न्हाई. मलाबी म्हाईत नव्हतं एवढं हाय त्ये.”

मी मान हलवली.

“माज्या दहाव्याला लाव. आखी बाजू. भाषणांच्या आदी. दहाव्यातनं उठून कोण जात न्हाई, बसून ऐकावंच लागंल.”

एकोणीस मिनिटं आहेत, असं मी बोटांनी दाखवलं.

“त्या सोसायटीच्या चेअरमनच्या भाषणापरीस कमीच की,” तो म्हणाला.

मी हो म्हटलं. म्हणजे ओठ हलवून म्हटलं, त्याला दिसेल असं.

तो गेल्यावर निधनाची बातमी मीच केली. चार ओळी. पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडं, भाऊ. रेकॉर्डचा उल्लेख तिच्यात बसत नव्हता.

आमच्या भागात दहावा म्हणजे सभा असते. नदीच्या घाटावर सकाळी मंडप, खाली सतरंज्या, पुढे खुर्च्या. एकीकडे काठावर पिंडाचा विधी, दुसरीकडे महाराजांचं प्रवचन, आणि शेवटी श्रद्धांजलीची भाषणं. माणूस कोणीही असो, बोलणाऱ्यांची यादी मोठी असते. सिस्टिम पुतण्याचीच होती. आदल्या दिवशी मी त्याला भावाची इच्छा सांगितली. त्याने ऐकून घेतलं. वडील ते गाणं लावायचे हे त्याला ठाऊक होतं. पण दहाव्याला इंग्लिश गाणं लावलं तर पाहुणे काय म्हणतील, अशी त्याला धास्ती होती. आईला विचारा, म्हणाला.

मी वहिनीला विचारलं. ती चुलीसमोर नव्हती, रडत नव्हती. खाटेवर सरळ बसली होती.

“भाऊजी, कावळा नाय शिवला तर लावा,” ती म्हणाली. “मग कुणाला बोलायला जागा ऱ्हाणार नाय.”

हे मला पटलं. तिच्यापेक्षा जास्त पटलं, कारण त्यात मला कुणाशी भांडावं लागणार नव्हतं. पिंडाला कावळा शिवला नाही की लोक मयताच्या राहिलेल्या इच्छा शोधू लागतात. कोणी मुलाचं लग्न करतो म्हणतं, कोणी जनावरं सांभाळतो म्हणतं. तशा वेळी मी पुढे होऊन सांगणार होतो की इच्छा अमुक आहे. पुतण्याने बटण दाबायचं होतं. पेन ड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात होता.

एक गोष्ट मला माहीत होती आणि ती मी हिशेबात धरली नाही. त्या घाटावर दहावे सतत होतात. तिथले कावळे माणसांना भीत नाहीत. मंडप दिसला की ते आधीच झाडावर येऊन बसतात. वार्ताहर असताना मी अशा कित्येक दहाव्यांना उभा राहिलो होतो.

पिंड मांडले. भावाला आवडायचं म्हणून कुणी शेव ठेवली, कुणी चहाचा कप ठेवला, मेहुण्याने तंबाखूची पुडी ठेवली. रेकॉर्ड ठेवावी असं माझ्या मनात आलं. ती गाडीत होती. मी गाडीकडे दोन पावलं गेलो आणि लोक बघताहेत असं वाटून थांबलो. मंडळी मागे सरली. हात जोडायलाही पुरता वेळ मिळाला नाही. पहिला कावळा उतरला, त्याच्या मागे दुसरा. शेव घेतली, भात घेतला, पान उलटं केलं.

मागे बायकांत कुणीतरी म्हणालं, “पुण्यवान व्हता. कसलीच आस न्हाई ऱ्हाईली त्याची.” वहिनीने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. पुतण्यानेही पाहिलं. त्याचा हात सिस्टिमच्या मिक्सरवर होता. मी काही सांगितलं असतं तर त्याने लावलं असतं, असं मला आजही वाटतं. मी मान खाली घातली. त्याने हात काढला.

प्रवचन झालं. मग यादी सुरू झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले आणि एकोणीस मिनिटांच्या पुढे गेले. मी घड्याळ पाहत होतो. माणूस कसा मनमिळाऊ होता, त्याच्या आवाजाशिवाय पंचक्रोशीतलं एकही कार्य पार पडलं नाही, असं ते म्हणाले. शेवटी कुटुंबातर्फे माझं नाव पुकारलं गेलं.

मला बोलायची सवय आहे. माईक हातात आला. आलेल्यांचे आभार मानले, आजारपणात धावून आलेल्यांचे मानले, राहून गेलेल्या नावांची क्षमा मागितली. समोर कळंबची, बोरीची, येडगावची माणसं बसली होती. त्यांतल्या म्हाताऱ्यांनी त्या गाण्याचा ड्रम ओळखला असता. कुणी उठून जात नव्हतं. मी तीन मिनिटं बोललो. रेकॉर्डबद्दल एक शब्दही काढला नाही.

बोलताना आधार म्हणून मी डावा हात शेजारच्या बेसच्या बॉक्सवर ठेवला होता. माझा आवाज तळव्याला लागत होता.