दोघांचं तिकीट

तपासनीसबाई निवृत्त झाल्या, पण त्यांचे डोळे काही निवृत्त झाले नाहीत. उभी हयात त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासण्यात घालवली. मधल्याच थांब्यावर चढायचं, दारात उभं राहून एकदा सगळ्यांच्या तोंडांकडे बघायचं आणि थेट फुकट्यापाशी जाऊन हात पुढे करायचा. उगाच खिसे चाचपणारा, अचानक खिडकीबाहेर रमणारा, झोपेचं सोंग घेणारा, सगळे त्यांना पाठ. घरीही तोच खाक्या. भाजीवाला त्यांना बघून आधी रिकामा तराजू दाखवी, आणि शेजारीण 'सहज आले' म्हणाली की बाईंचे कान उभे राहत. सहज म्हणून कुणी काही करतं यावर त्यांचा मुळी विश्वासच नव्हता.

अशा बाईंचा नवरा बसड्रायव्हर. डेपोत सगळे त्यांना थेंबराव म्हणत, कारण डिझेलच्या थेंबाथेंबावर त्यांचा जीव. लांबून सिग्नल लाल दिसला की पाय उचलायचा आणि बस अशी अलगद थांबवायची, की उभ्या माणसाला दांडा धरावा लागू नये. डिझेल वाचवण्याचं बक्षीस वर्षानुवर्षं त्यांच्याच घरी येई. पहिल्यांदा त्यांच्या बसमध्ये चढल्या तेव्हा बाईंना वाटलं होतं, एवढं हळुवार चालवतोय म्हणजे हा नक्की काहीतरी लपवतोय. काय ते शोधता शोधता लग्न झालं.

आणि या माणसाने निवृत्तीचे पैसे हातात पडताच, बायकोला न विचारता, एक जुनी लालभडक स्पोर्ट्स कार आणून दारात उभी केली. दोनच सीट. बूड जमिनीला टेकलेलं.

"जन्मभर पन्नास-पन्नास माणसं नेली," थेंबराव म्हणाले. "आता दोघंच जाऊ."

बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "लिटरला किती देते?"

"गावात पाच-सहा."

"टायर?"

"जरा महाग आहेत."

"विमा?"

"तोही."

"आणि सर्व्हिसिंग?"

यावर थेंबरावांना एकदम आकाशात काहीतरी दिसलं.

"म्हणजे पांढरा हत्तीच, फक्त लाल रंगवून आणलाय," बाई म्हणाल्या. "दोघांच्या बसच्या तिकिटात ही मला ताईच्या गावी पोचवील ना, त्या दिवशी मी हिच्यात पाय ठेवीन. तोवर नाव काढू नका."

असं बोलल्या, आणि रागाच्या भरात बोललेलं माणूस विसरतं तसं विसरूनही गेल्या.

थेंबराव मात्र रोज भल्या सकाळी निघू लागले. गाडी गल्लीच्या टोकाला भाड्याच्या शेडमध्ये असे. पायांत जुन्या, पातळ तळाच्या चपला घालायच्या, 'जरा चक्कर मारून येतो' म्हणायचं आणि दोन तासांनी यायचं. कोपऱ्यावरचा चहा त्यांनी सोडला होता. चहा सुटला म्हणजे तो दुसरीकडे कुठेतरी मिळत असणार, हे बाईंनी तिथल्या तिथे ताडलं.

एकदा ते आंघोळीला गेलेले बघून बाई किल्ली घेऊन शेडमध्ये गेल्या आणि कोपऱ्यातल्या वाळूच्या पिशव्यांना वळसा घालून गाडीपाशी पोचल्या. गाडीत पाय ठेवायचा नाही हा शब्द होता, म्हणून खिडकीतून कमरेपर्यंत आत वाकल्या आणि किल्ली फिरवली. समोर आकडा उजळला. लिटरला साडेअकरा. आणि शेजारच्या सीटला चांगला खोलगट खळगा पडला होता, कुणीतरी रोज बसत असल्यासारखा.

बाई तडक गल्लीतल्या मेकॅनिककडे गेल्या.

"साडेअकरा?" तो हसला. "काकू, ही गाडी गावात सहा देईल तरी नशीब समजायचं. साडेअकरा म्हणजे मोकळा रस्ता. लांबचा."

दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने पेट्रोल वाचवलं असतं तर ती बाई खूश झाली असती. इथे शंकेची पाल चुकचुकली. लांबचा रस्ता कुठे जातो? तिथे कोण राहतं? त्यातच बाईंची हिरवी शाल नाहीशी झाली. कपाट उपसलं, दोरीवर पाहिलं, शेजारणीच्या अंगावरही नजर टाकून झाली. थेंबरावांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघू लागले. फुकटे बघतात ना, अगदी तसेच.

खरं सांगायचं तर बाईंना पेट्रोलचं, टायरचं काही नव्हतं. भीती होती ती त्या दुसऱ्या सीटची. आपण चढायला नकार दिला आणि जागा काय, कुणीतरी भरतंच. बसमध्ये हे त्यांनी रोज पाहिलं होतं. त्या रात्री त्यांना अन्न गोड लागलं नाही.

सकाळी थेंबराव बाहेर पडताच बाईंनी स्कूटर काढली. स्पोर्ट्स कारच्या मागे आपण पुरे पडणार कशा, ही धाकधूक होतीच. पण गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर पोचल्या तर त्यांच्यावरच ब्रेक लावायची पाळी आली. पुढे ती लाल गाडी नव्या नवरीसारखी चालली होती. दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवत तिला मागे टाकून गेला. भंगाराचा ट्रक गेला. तिच्यापुढे जाऊ नये म्हणून बाईंना दोनदा कडेला थांबून उगाच आरसा पुसावा लागला. यात एक गोष्ट मात्र त्यांनी स्वच्छ पाहिली. शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलं होतं, आणि त्याच्या खांद्यावर हिरवी शाल होती.

बाईंनी आरसा पुसणं सोडलं आणि स्कूटर थेट गाडीच्या मागे घातली.

गाडी पेट्रोल पंपावर वळली. थेंबराव उतरून टाकी काठोकाठ भरून घेऊ लागले. बाईंनी स्कूटर आडवी लावली, पदर खोचला, सवयीने हात पुढे केला आणि दार उघडलं.

वाळूच्या पिशव्या. एकावर एक नीट रचलेल्या, त्यांच्याभोवती शाल, शालीवरून बेल्ट. याच पिशव्या शेडच्या कोपऱ्यात बाईंनी पाहिल्या होत्या. सगळ्या जगात तेवढा त्यांच्यावर संशय घ्यायचा राहिला होता.

"अगं, तू इथे?" थेंबराव पुरते गांगरले. "शाल सीट खराब होऊ नये म्हणून घेतली. आणि बेल्ट नाही लावला तर गाडी सारखी ओरडते."

"आणि वाळू कशाला?"

"तूच म्हणाली होतीस ना, दोघांच्या तिकिटात. मग दोघांचं वजन नको का? एकट्याने काढलेला ॲव्हरेज खोटा." त्यांनी मान खाली घातली. "चहाचे पैसे पेट्रोलला घातले, पेडल नीट कळावं म्हणून पातळ चपला घातल्या, तेव्हा साडेअकरापर्यंत आणलाय. तेरा झाला की बसएवढा खर्च. मग तुला सांगणार होतो."

बाईंना हसावं की रडावं कळेना. एवढ्या दिवसांत या माणसाबद्दल काय काय मनात आणलं, या विचाराने त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि जीव भांड्यात पडला तो वेगळाच.

"किती भरलीय?" त्यांनी विचारलं.

"पन्नास किलो. बरोबर तुझ्याइतकी."

"कुणी सांगितलं?"

"लग्नानंतर डेपोत पार्सलच्या काट्यावर उभी राहिली होतीस की. हसत होतीस, काटा हलत होता. मी नीट थांबेपर्यंत बघितला होता."

बाईंनी स्वतःच्या देहाकडे एक नजर टाकली.

"अहो, हे तिकीट फार जुनं झालं. चालणार नाही."

त्यांनी एकेक पिशवी उचलून पंपाच्या भिंतीशी ठेवली, पंपावरच्या माणसाला स्कूटरकडे लक्ष ठेवायला बजावलं, त्याचा चेहराही नीट बघून घेतला, आणि कण्हत कुथत त्या खोल सीटमध्ये उतरल्या. गाडी लगेच ओरडू लागली. थेंबरावांनी वाकून बेल्ट लावून दिला. तो शालीला पुरत होता तेवढा पुरेना, आणखी ओढावा लागला.

"ॲव्हरेज पडणार गं," ते म्हणाले. "तिकिटात नाही बसायचं."

"ताईच्या गावाला हाच रस्ता जातो ना?"

"हाच."

"मग चला," बाई म्हणाल्या. साऱ्या नोकरीत दहा पैसे कमी असले तरी माणसाला खाली उतरवणाऱ्या बाई त्या दिवशी कमी पैशांच्या तिकिटावर शेवटपर्यंत बसून गेल्या.