गेरूनं लिहिलेली गल्ली

कुंडी रंगवायला गेरू भिजवला आणि त्या वासासरशी पाथर्डीकडची ती गल्ली आठवली. नव्वदच्या दशकात तिथं शिकवत असताना वाचन मेळाव्यासाठी आम्ही प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूनं एकेक वाक्य लिहिलं होतं. पोरांनी गावासमोर ते वाचत जायचं होतं. नेमका मेळाव्याच्याच सकाळी घरंच्या घरं ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर आला. "आजचा दिवस तरी थांबा," ट्रॉली धरून मी विनवत होते. "बाई, मुकादम थांबतोय व्हय?" भांडी वर चढवत एक आई म्हणाली. ट्रॅक्टर हलला, तशी ट्रॉलीतली पोरं भिंती वाचू लागली, शिकवल्यासारखी, खणखणीत. मी मागं धावत राहिले. शेवटचं घर गेलं, माळ लागला, आणि आवाज थांबला. कुंडी केव्हाच रंगवून झालीय. वाटीत गेरू उरलाय.