पाण्यातले हात

माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात पाण्याखालचं काही पाहिलेलं नाही. आमच्या चामोर्शीकडे हे कुणाला सांगितलं तर तो हसेल, कारण बाबांचा जन्मच पाण्यात गेला. आम्ही ढिवर. मालगुजारांच्या काळात बांधलेल्या गावच्या तलावात बाबा मासे धरायचे, शिंगाडे काढायचे, आणि वैनगंगेत कुणी बुडालं की पोलीस पाटील बाबांनाच बोलवायचा. बाबा कमरेला दोर बांधून खाली जायचे आणि हातांनी चाचपत बुडालेलं माणूस शोधायचे. दोराचं दुसरं टोक काठावर कुणीतरी धरायचं. एक हिसका म्हणजे मिळालं, दोन हिसके म्हणजे वर ओढा. आई होती तोवर ते टोक आई धरायची, ती गेल्यावर मी.

खाली ते डोळे मिटूनच ठेवत. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, काऊन म्हणून.

"गढूळ पान्यात डोरे उघडले त का दिसते? भेव दिसते," म्हणाले. "मिटले का भेव नाई वाटत."

प्रेत काढलं त्या दिवशी बाबा घरी मागच्या दाराने येत. अंगणाच्या कोपऱ्यात बसून चुलीतल्या राखेने हात घासत. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत, पुन्हा कोपरापासून. कातडी लाल व्हायची. तरी आत्या त्या दिवशी त्यांच्या हातचं पाणी घेत नसे, आणि लग्नाच्या पंगतीत कुणी बाबांच्या हाती वाढायचं भांडं दिल्याचं मला आठवत नाही. माणूस बुडालं की मात्र हेच लोक दाराशी हात जोडून उभे. मी शाळेत मास्तरीण आहे. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण शिकवताना मला उदाहरण शोधायला कधी लांब जावं लागलं नाही. मला याचा राग तेव्हाही यायचा, आजही येतो.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास बाबा दाराच्या चौकटीला दोनदा धडकले. मी त्यांना चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबांना बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले, काचबिंदू आहे, उशीर झालाय. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, थेंब घालत राहा. मी बाहेर येऊन बाबांना यातला शेवटचा तुकडा तेवढा सांगितला.

"थेंब टाका म्हनते डॉक्टर. थांबून जाईल."

परतीच्या बसमध्ये, मूल गाव मागे पडल्यावर, बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "एक गोष्ट पाहाची राह्यली."

"कोनती?"

"माहे हात. पान्यात कसे दिसतात, पाहाचं होतं. सारं काम त्याहीनंच केलं ना. मी एकदाई नाई पाहलं."

आता शहाण्या मुलीने काय करावं? बापाचा हात धरून गप्प बसावं. माझा स्वभाव तसा नाही. मला दुःख झालं की मी वही काढते. त्याच आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'साफ पाणी कुठे?'

आमच्याकडे ते नाही. तलाव गढूळ, नदी गढूळ, कोळशाच्या बंद खाणीतलं पाणी वरून निळं दिसतं पण त्यात उतरायचं धाडस बाबाही करत नसत. कोकणातला किनारासुद्धा मातकट असतो असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. शेवटी कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाची माहिती मिळाली. जहाज सकाळी बेटाबाहेर थांबतं, लहान होड्यांतून लोकांना किनाऱ्यावर सोडतं आणि दुपारी परत घेतं. बेटाभोवती पोवळ्यांचं कडं असतं, त्याच्या आतलं पाणी शांत, उथळ आणि काचेसारखं असतं. हे मी वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हनजे त्याहीचाबी तलावच हाय. पाळ तेवढी पान्यात." पाळ म्हणजे तलावाचा बांध. मलाही ते पटलं. इथेच माझी चूक झाली, पण ती पुढे.

जहाजाची स्वतःची, पाण्याखाली बुडी मारायची सहल होती. तिच्या अर्जात वय विचारलं होतं, डोळ्यांचा आजार विचारला होता, आणि दोन्हीकडे आमचं उत्तर नापासाचं होतं. मी म्हटलं, खड्ड्यात जा. ज्या माणसाने पन्नास वर्षं बुड्या मारल्या त्याला हे लोक बुडी शिकवणार? आपण आपलेच किनाऱ्यावरून उतरू. छातीभर पाण्यापर्यंत चालत जायचं, तिथून पोहत पुरुषभर खोलीला, तिथे बुडी. सोबत मी. मला पोहायला बाबांनीच शिकवलंय. मी वहीत किनाऱ्याचा नकाशा काढला, होडी लागते ती जागा, तिथून डावीकडे किती चालायचं, पाण्यात वाळू कुठे आणि पोवळं कुठे. दोर तर हवाच. मी दोर धरला नाही आणि बाबा खाली गेले असं कधी झालं नव्हतं.

बेटावर जायला परवाना लागतो, आणि परवान्याला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. ठाण्यातल्या साहेबांनी आम्हाला तासभर बाकावर बसवलं. मग मान वर करून म्हणाले, "अरे, हे त आपले बुडीवाले! याहीचं चारित्र्य का पाहाचं?" आणि सही केली. बाबा इतके खूश झाले की बाहेर येऊन त्यांनी चहा पाजला. मी चिडलेलीच होते. ज्या माणसाला रात्री-बेरात्री उठवून नदीवर नेलं, त्याच्याकडे मान वर करून बघायला तासभर लागला.

उन्हाळा लागल्यावर तलावात सराव सुरू केला. नाक झाकणारे दोन मोठे चष्मे मागवले होते, एक बाबांना, एक मला. आपला लावून बाबा पाण्याबाहेर आले आणि म्हणाले, "नाक बंद केलं त मानूस जिवंत कसा राह्यते?" गावातली बायामाणसं पाळीवर जमून बघायची. खाऱ्या पाण्यात अंग वर तरंगतं हे मला वाचून कळलं होतं, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये वाळू भरून त्यांच्यासाठी पट्टा केला, एका झटक्यात सुटेल अशा गाठीचा.

रोज संध्याकाळी बाबा म्हणायचे, "वाच वं, माय, वही." मी वाचायची. निळे मासे, पिवळ्या पट्ट्यांचे मासे, वाळूवर पडणारी उन्हाची जाळी. तेच तेच पान पुन्हा वाचायला सांगायचे. मी वैतागायची. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस पोरासारखा होतो. त्यांच्या हातून चहाचा कप दोनदा टेबलाच्या कडेवरून पडला, तेव्हाही मी ओरडले, की लक्ष कुठे आहे तुमचं. बल्लारशाच्या स्टेशनवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही. मला वाटलं, गर्दीला घाबरले. बेचाळीस पोरांच्या वर्गात कोण कॉपी करतंय ते मला पाठमोरी असताना कळतं, आणि घरात हे कळलं नाही.

आम्ही बेटावर उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी वही उघडून डावीकडे चालत गेले आणि जिथे छातीभर पाणी असायला हवं होतं तिथे घोट्याएवढं होतं. पोवळ्याचे खुंट उघडे पडले होते. दूरवर जावं तर पाय फाटतील अशी टोकं. मी वहीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओहोटी. इतकी वर्षं मी पाचवीच्या पोरांना चंद्र आणि सूर्याच्या आकृत्या काढून भरती-ओहोटी शिकवत आले होते. कुणी चुकलं तर पट्टी आपटायची. आणि दोनशे पानांच्या वहीत मी तो शब्द एकदाही लिहिला नव्हता. तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. आम्ही तलावाची माणसं.

"पानी कुठी गेलं?" बाबांनी विचारलं.

"येईल. तीन-चार तासांनी."

"मास्तरीन," बाबा म्हणाले आणि हसले.

मला रडू येत होतं. तीनची शेवटची होडी होती. आम्ही माडाच्या सावलीत बसलो. बाबा पाण्याकडे तोंड करून होते. मी दर पाच मिनिटांनी उठून पाणी किती चढलं ते बघत होते, दगडावर खूण करत होते. साडेबाराला पाणी मांडीपर्यंत आलं, दोनला छातीपर्यंत. मी बाबांना पट्टा बांधला, चष्मा लावला, माझाही लावला, दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला.

पाणी खरंच तसं होतं. मला माझ्या पायाची नखं दिसत होती. मी हरखून म्हटलं, "बाबा, उघडा डोळे, हात पाहा!" बाबांनी मान हलवली, छातीत हवा भरली आणि खाली गेले. पन्नास वर्षांची सवय, पाणी हललंसुद्धा नाही.

मी वर थांबले. दोर सैल होता. मग एक हिसका आला.

मिळालं.

तेवढा आनंद मला पहिली नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. मी लगेच बुडी मारली. खाली वाळूवर ऊन हलत होतं. निळे मासे खरोखर होते, बाबांच्या कोपराजवळून जात होते. बाबा गुडघ्यांवर होते, आणि त्यांच्यापुढे पोवळ्याचा एक गोल गड्डा होता. त्यावरून ते दोन्ही हात फिरवत होते. आधी वरून, मग बाजूंनी, मग खाली मानेचा भाग असावा तिथे. नदीत माणसाचं डोकं सापडलं की चाचपतात तसे. मी त्यांच्यासमोर गेले, चष्म्याच्या काचेला काच लावली. आत डोळे मिटलेले होते.

मी त्यांना ओढून वर आणलं. चष्मा वर केला. मी ओरडले, आता आठवलं की लाज वाटते इतक्या जोरात ओरडले. "इतल्या दूर आनलं मी तुमाले! काऊन मिटले डोळे? उघडा ना!"

बाबा दम घेत होते. "उघडून पाहलं, माय," ते म्हणाले. "दोनी सारकंच हाय. मिटले का भेव नाई वाटत."

"कवापासून?"

"एक त संक्रांतीलेच गेला. दुसऱ्यात थोडा उजेड होता. तोबी चार-पाच दिवस झाले."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तू लिहून राह्यली होती ना."

मी रागावू कोणावर? डॉक्टरांचं पहिलं वाक्य मीच गिळलं होतं. नजर पूर्ण गेली, हे शेवटचं बाबांनी गिळलं. आम्ही दोघांनी मिळून एकमेकांना फसवत समुद्रापर्यंत आणलं होतं. त्या पाण्यात उभी राहून मला एवढंच कळलं की आता काही करता येण्यासारखं उरलेलं नाही. वहीत त्याच्यासाठी पान नव्हतं.

होडीवाला शिट्टी वाजवत होता. मी बाबांना हाताला धरून किनाऱ्यावर आणलं, पट्टा सोडला, टॉवेल दिला. ते ओल्या वाळूत बसले.

"तुले दिसले का माहे हात?" त्यांनी विचारलं.

"दिसले."

"कसे दिसत होते?"

"मोठे," मी म्हटलं. ते खरं होतं. काचेतून पाण्यात सगळं मोठं दिसतं.

बाबांनी तोंड माझ्याकडे वळवलं, मी होते त्याच्या जरा उजवीकडे, आणि हळूच विचारलं, "साफ होते?"

"साफ होते, बाबा. एकदम साफ."

त्यांनी मान हलवली. मी वही, चष्मे, दोर पिशवीत भरले आणि त्यांना उठवायला वळले. बाबांनी मूठभर वाळू घेतली होती आणि ते हात घासत होते, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत, पुन्हा कोपरापासून.